शिक्षकांची गळती : वेतन, कार्यभार आणि सेवेतील प्रगती

1. प्रास्ताविक

शाळेच्या संदर्भात ‘गळती’ हा शब्द आपण बहुधा विद्यार्थ्यांविषयी वापरतो. या घटकात तो शिक्षकांविषयी वापरावयाचा आहे. युनेस्कोच्या 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, 2030 पर्यंत जगाला सुमारे 4 कोटी 40 लाख अधिक शिक्षकांची गरज भासेल. ही उणीव केवळ नव्या भरतीने भरून निघणार नाही; सेवेत असलेले शिक्षक टिकणेही तितकेच आवश्यक आहे. गेलेल्या शिक्षकाच्या जागी दुसरा नेमता येतो. परंतु कोणत्या मुलाचे कोठे अडते, कोणाच्या घरी कोणती बोली बोलली जाते, ही वर्षानुवर्षांत जमलेली जाण गेलेल्या शिक्षकाबरोबरच जाते.

2. गळती कोठे होते?

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळेतील नियमित पदावरचा शिक्षक सहसा नोकरी सोडत नाही. तेथे गळती होते ती दुर्गम भागातून सोयीच्या ठिकाणी होणाऱ्या बदलीच्या रूपाने. नोकरीच सोडून जाण्याचे प्रमाण अधिक दिसते ते विनाअनुदानित शाळांत आणि तासिका तत्त्वावर चालणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापनात. गळतीचा तिसरा प्रकार हजेरीपटावर दिसत नाही : शिक्षक पदावर राहतो, मात्र त्याचे मन अध्यापनातून निघून गेलेले असते. या तिन्ही प्रकारांची कारणे निरनिराळी असल्याने त्यांवरील उपायही एकच असू शकत नाही.

3. वेतन

राज्यात 2000 साली शिक्षणसेवक योजना सुरू झाली. तीनुसार नवनियुक्त शिक्षकास पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधन मिळते. प्राथमिक स्तरावरील हे मानधन दीर्घकाळ दरमहा 6,000 रुपये होते. 1 जानेवारी 2023 पासून ते 16,000 रुपये झाले. माध्यमिक स्तरावर ते 18,000, तर उच्च माध्यमिक स्तरावर 20,000 रुपये आहे. सातव्या वेतन आयोगानुसार नियमित प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाचे आरंभीचे मूळ वेतनच 29,200 रुपये असून भत्ते त्याहून वेगळे असतात. म्हणजे काम तेच असूनही पहिली तीन वर्षे मोबदला बराच कमी असतो. परगावी खोली घेऊन राहणाऱ्या तरुण शिक्षकास व्यवसाय सर्वांत कठीण वाटतो तो याच वर्षांत. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाला खाजगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. ही मनाई योग्यच आहे. पण ती पाळावयाची, तर वेतनावर घर चालले पाहिजे, हेही ओघानेच येते.

विनाअनुदानित शाळांची स्थिती अधिक बिकट आहे. शासनाने 2009 साली ‘कायम विनाअनुदानित’ या संज्ञेतील ‘कायम’ हा शब्द वगळला. तरी प्रत्यक्ष अनुदान टप्प्याटप्प्यानेच येत राहिले. पुढे पूर्ण अनुदान मिळेल या आशेवर अनेकांनी उमेदीची वर्षे तुटपुंज्या वेतनावर काढली.

4. कार्यभार

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पूर्वतयारी धरून आठवड्याला 45 तास काम अपेक्षिले आहे. प्राथमिक स्तरावर 60 विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक दिले जातात. कागदावर हे प्रमाण पुरेसे वाटते. प्रत्यक्षात पहिली ते पाचवीच्या द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षकास दोन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. एका इयत्तेचे वाचन चालू असताना दुसरीला गणित सोडवावयास द्यावे लागते. त्यातच शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि निरनिराळ्या ऑनलाइन प्रणालींत भरावयाची माहिती यांची भर पडते.

याच कायद्याच्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे वगळता शिक्षकांना अन्य अशैक्षणिक काम देता येत नाही. तथापि, ‘शैक्षणिक’ म्हणून सोपविलेली लेखनिकी कामेही अध्यापनाचाच वेळ खातात. म्हणून कार्यभार मोजताना विद्यार्थिसंख्येबरोबर इयत्तांची संख्या आणि लेखनिकी कामाचे तासही मोजले पाहिजेत.

5. सेवेतील प्रगती

शिक्षकास 12 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतर निवड श्रेणी मिळू शकते. मात्र निवड श्रेणी मर्यादित पदांनाच लागू होते. पदोन्नती हवी असल्यास मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी अशी वाट आहे. या वाटेवर शिक्षक जसजसा वर जातो, तसतसा तो वर्गापासून दूर जातो. उत्तम शिकविणाऱ्यास वर्गातच राहून नवशिक्षकांचा मार्गदर्शक होता यावे, त्याचा मोबदला मिळावा आणि लेखनिकी कामातून सवलत मिळावी, अशी रचना झाली, तर अनुभव वर्गातच राहील.

निवृत्तीनंतरची शाश्वतीही यातच येते. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. मार्च 2023 मधील राज्यव्यापी संपात शिक्षक मोठ्या संख्येने उतरले, ते याच प्रश्नावर.

6. तिन्ही घटकांचा परस्परसंबंध

वेतन वाढले आणि कार्यभार तसाच राहिला, तर शिक्षक पदावर टिकतो. पण त्याच्या अध्यापनाचा कस टिकत नाही. कार्यभार कमी झाला आणि वेतन अपुरे राहिले, तर शिक्षक दुसरी नोकरी शोधतो. दोन्ही सुधारूनही पुढची वाट बंद असेल, तर काही वर्षांनी उमेद ओसरते. ‘शिक्षकी हे व्रत आहे’ असे आपल्याकडे आदराने म्हटले जाते. परंतु या आदराचा उपयोग अपुऱ्या वेतनाचे समर्थन करण्यासाठी होऊ नये. याची झळ शेवटी बसते ती ज्याच्या घरी शिकवू शकेल असे कोणीच नाही, त्या मुलाला. त्याच्यासाठी शिक्षक बदलणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे होय.

7. सारांश

नियुक्तीच्या पहिल्या वर्षांतील पुरेसे आणि वेळेवर मिळणारे वेतन, प्रत्यक्ष कामावरून ठरविलेला कार्यभार आणि वर्गात राहूनही शक्य असलेली प्रगती, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच शिक्षक टिकतात.

स्वाध्याय

1. नोकरी न सोडताही शिक्षकाची गळती कशी होऊ शकते, ते स्पष्ट करा.
2. आपल्या परिसरातील एखाद्या शिक्षकाशी बोलून त्यांच्या एका दिवसातील अध्यापन आणि इतर कामे यांची वेळेनुसार नोंद करा. त्यावरून आपले मत 200 शब्दांत लिहा.