बंदीत कुठला योग, हंगामात कुठला?



1 जूनपासून मासेमारी बंदी लागते, होड्या किनाऱ्यावर येतात. त्यातच 21 जूनला योग दिवस असतो. 2023 साली याच दिवशी आपल्या सुरतेत डुमस रोडवर दीड लाखाहून जास्त लोक एकत्र योगाला बसले आणि गिनीज बुकात सुरतचं नाव लागलं. योगाचा विषय निघाला की आपली मंडळी एकच विचारतात, "आम्ही वर्षभर जाळी ओढतो, आम्हाला अजून व्यायाम कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पण सगळा योग म्हणजे घाम गाळणं नव्हे.

ढोबळ मानाने दोन तऱ्हा आहेत. एक चालता योग: सूर्यनमस्कार, उभ्याने करायची आसनं, श्वासाबरोबर एकामागून एक हालचाल. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा मोठा प्रचार केला. दुसरा विसाव्याचा योग: शवासन, मकरासन, आधार घेऊन पडून राहायची आसनं. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोरी, पट्टा, चादर असा आधार देऊन आजारी, दुखऱ्या माणसालाही आसन जमेल असं केलं. दोरी आणि चादर तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

आता आपलं काम बघा.

हंगामात रात्रीची झोप तुटते, वाकून जाळं ओढायचं, बर्फाच्या पेट्या उचलायच्या. ताकद तिथेच खर्च होते. किनाऱ्याला आल्यावर त्याच कंबरेने लगेच पंचवीस सूर्यनमस्कार घालायची गरज नाही. जेवणाआधी पंधरा मिनिटं द्या. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, कंबरेचा ताण उतरतो. मग पालथं पडून मकरासन, शेवटी शवासन. शवासनाने थकवा जातो हे हठयोगप्रदीपिकेसारख्या जुन्या ग्रंथातही सांगितलंय. ते आळशी माणसाचं आसन नाही.

बंदीत उलटं होतं. दिवसभर वाकून बसून जाळी दुरुस्त करायची, उरलेला वेळ मोबाईल नाहीतर पत्ते. मान आखडते, पोट सुटतं. पुढे हंगाम उघडला की पहिल्याच फेरीत कंबर धरते. म्हणून या दिवसांत चालता योग करा. पहिल्या आठवड्यात तीन सूर्यनमस्कार, मग हळूहळू बारा. त्याला ताडासन, त्रिकोणासन, भुजंगासन जोडा. शेवटी पाच मिनिटं शवासन हवंच.

मासळी विकणाऱ्या आपल्या बहिणी तासन्‌तास एका जागी बसतात, डोक्यावर पाटी वाहतात. त्यांनी सकाळी खांदे, मान मोकळी करावी. संध्याकाळी पाय भिंतीला वर टेकवून दहा मिनिटं पडावं, जड झालेल्या पायांना आराम पडतो.

किती करायचं, याची खूण सोपी आहे. नाकाने श्वास शांत चालला पाहिजे. तोंड उघडून धापा टाकायला लागलात की थांबा. करून उठल्यावर ताजं वाटलं तर बरोबर, गळून गेल्यासारखं वाटलं तर जास्त झालं.

काही गोष्टी टाळा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर शीर्षासन आणि जोरात कपालभाती नको. मणक्याची गादी सरकली असेल तर पुढे वाकायची आसनं नकोत. गुडघा दुखत असेल तर वज्रासनाचा हट्ट नको. गरोदर बहिणींनी डॉक्टरांना विचारूनच करावं. पायात मुंग्या येत असतील किंवा छातीत दुखत असेल तर योग बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

इंजिन बिघडलं तर मेकॅनिक मिळतो, जाळं फाटलं तर शिवता येतं. कंबर गेली तर खलाशाला बोटीवर कोण घेणार? बंदीचे दिवस होडी दुरुस्तीचे आहेत, तसेच ते शरीराच्या दुरुस्तीचेही आहेत.

ज्यांना एकत्र येऊन करायचं असेल त्यांनी संस्थेच्या ऑफिसात नाव द्यावं.

आपला,
सचिव