दम कोठून येतो?

२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधील अँटवर्प शहरी ऑलिंपिकची मॅरॅथॉन शर्यत झाली. त्या वर्षी तिचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. म्हणजे कोल्हापूरहून निघावे आणि जवळजवळ निपाणीपर्यंत पळतच जावे, इतके! या शर्यतीत बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले हा तरुण धावला. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत त्याने ती पुरी केली आणि तो एकोणिसावा आला. पहिला आलेला फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन याला २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंद लागले.

विद्यार्थीमित्रांनो, चौगुलेच्या वेगाचे गणित करून पाहा. एक किलोमीटरला चार मिनिटे! तुमच्या मैदानावर ४०० मीटरची फेरी आखलेली असेल, तर ९६ सेकंदांत एक फेरी घ्यावी लागेल. आणि अशा एकामागून एक १०७ फेऱ्या! एक फेरी कदाचित तुम्ही माराल. दुसरीनंतर मात्र धाप लागेल. मग चौगुलेजवळ असे काय होते?

त्या काळी ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत आपल्याकडील धावपटूंची तयारी पाहून दोराबजी टाटा यांनी पुढाकार घेतला, पैशाची मदत केली, आणि भारताचा चमू अँटवर्पला गेला. आजच्यासारखे बूट नव्हते, की नाडीचे ठोके मोजणारी घड्याळे नव्हती. तरीही दम होता. हा दम येतो कोठून? सह्याद्रीच्या आसपासच्या गावांतून याची दोन उत्तरे ऐकू येतात. कोणी म्हणतो, “इकडची हवाच वेगळी.” कोणी म्हणतो, “चढ-उताराची सवय असते ना!” दोन्ही उत्तरे विज्ञानाच्या तराजूत घालून पाहू या.

हवेचा वाटा किती?

जसजसे उंच जावे, तसतशी हवा विरळ होते. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते; पण हवेचा दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. १९६८ मध्ये मेक्सिको शहरी ऑलिंपिक सामने झाले. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथे १०,००० मीटर शर्यत केनियाच्या नफ्ताली तेमूने २९ मिनिटे २७ सेकंदांत जिंकली. त्या वेळचा जागतिक विक्रम होता २७ मिनिटे ३९ सेकंदांचा! तो विक्रम करणारा ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क मेक्सिकोत सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला. याउलट, उंच पठारावर वाढलेल्या तेमूच्या शरीराला विरळ हवेची सवय होती.

अशा उंचीवर तीन-चार आठवडे राहिले, की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार करतात. त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी वाढतात आणि रक्त अधिक ऑक्सिजन वाहून नेऊ लागते. म्हणून तर लांब पल्ल्याचे धावपटू सरावासाठी उटकमंडला जातात. त्याची उंचीही मेक्सिको शहराएवढीच आहे.

पण कोल्हापूरची उंची किती? सुमारे ५५० मीटर. येथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जवळजवळ ९४ टक्के असतो. पन्हाळ्यावर गेलात तरी तो ९० टक्क्यांच्या आसपास राहतो. एवढ्याशा फरकाने रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजन घेण्यास फारशी अडचण पडत नाही. म्हणून तांबड्या पेशी वाढवण्याची गरजही शरीराला भासत नाही. बेळगाव कोल्हापूरपेक्षा थोडे उंच असले, तरी मेक्सिकोच्या मानाने पुष्कळच खाली आहे. तेव्हा चौगुलेच्या दमाचे श्रेय हवेला देता येणार नाही.

चढ काय करतो?

आता दुसरे उत्तर. समजा, तुम्ही राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीतून पहाटे निघालात आणि सायबर चौकावरून शिवाजी विद्यापीठाकडे धावू लागलात. सपाटीवर धावताना शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे, दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. तुमचे वजन ५० किलो असेल, तर किलोमीटरला ५० किलोकॅलरी. रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढू लागला, की स्वतःचे वजन उचलण्याचे कामही करावे लागते आणि खर्च बराच वाढतो.

आणखी एक उदाहरण घ्या. कोल्हापुरातून पन्हाळ्यावर जाताना तुम्ही स्वतःला सुमारे ४०० मीटर वर उचलता. त्यासाठी लागणारे कार्य: ५० × ९.८ × ४००, म्हणजे १,९६,००० जूल. स्नायू मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच कामात आणतात. बाकीची उष्णता होऊन जाते. तेव्हा खर्च चौपट, म्हणजे जवळजवळ १९० किलोकॅलरी. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीतून साधारण इतकी ऊर्जा मिळते. हा झाला केवळ चढाचा खर्च. अंतराचा खर्च निराळा!

म्हणजे चढावर वेग न वाढवताही हृदयाला आणि मांड्यांना जास्त काम पडते. चढाचा फायदा खरा आहे. उतार मात्र फसवा असतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, आणि त्यामुळे त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून जोतिबाचा डोंगर चढताना पाय दुखत नाहीत. उतरून आल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात.

पण डोंगराच्या पायथ्याशी राहणारे सगळेच काही धावपटू होत नाहीत. तेव्हा तिसरी एक गोष्ट असलीच पाहिजे.

दिवसांचा हिशेब

विश्रांतीच्या वेळी तुमचे हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटाला ७० ठोके धरले, तर सुमारे पाच लिटर झाले. नियमित धावणाऱ्याचे हृदय दर ठोक्याला १०० मिलिलिटर रक्त टाकू लागते. शरीराची गरज तीच, पाच लिटरची. मग ५० ठोके पुरतात. स्नायूंतही बदल होतो. केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील तंतुकणिका वाढतात. ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करण्याचे काम या तंतुकणिकांतच चालते. हे सारे एका दिवसात होत नाही. त्याला आठवडे आणि महिने लागतात. आणि धावणे सोडले, की हा लाभ हळूहळू ओसरतो.

साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावली आणि दहावी आली. तिनेही उटकमंडला सराव केला होता. पण त्या आधी तिच्या पायांखालून कित्येक वर्षांचे किलोमीटर गेलेले होते!

येथे एक धोका ध्यानात ठेवा. दम महिन्या-दीड महिन्यात सुधारलेला जाणवतो. परंतु हाडे आणि कंडरा त्यामानाने सावकाश बळकट होतात. “आता मला धाप लागत नाही” म्हणून एकदम अंतर दुप्पट केले, तर नडगी दुखू लागते. कधी हाडाला बारीक चीरही जाते. वाढत्या वयात तर ही काळजी विशेष घ्यावी. मॅरॅथॉन शर्यतींत अठरा वर्षांखालील मुलांना सहसा प्रवेश नसतो, तो याच कारणाने. धावताना शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलता आले नाही, तर वेग जास्त झाला असे समजावे.

ऋतूही पाहावा लागतो. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. एप्रिल-मे महिन्यांत म्हणून पहाटेच धावून यावे आणि पाणी प्यावे. पावसाळ्यात हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, नुसताच ओघळतो. त्याने शरीर थंड होत नाही. गार वाटले तरी त्या दिवसांत वेग आवरावा.

करून पाहा

सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच मनगटावरील नाडी अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. तो आकडा वहीत लिहा. आठवड्यातून चार दिवस, बोलता येईल अशा वेगाने, वीस मिनिटे धावा. प्रत्येक रविवारी एक ठरावीक चढ त्याच वेगाने चढा. थांबताच एकदा आणि एका मिनिटानंतर पुन्हा नाडी मोजा. दोन आकड्यांतील फरक वाढू लागला, तर हृदय लवकर सावरू लागले आहे असे समजा. ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

शिक्षकांनी वर्गातील सर्वांचे आकडे घेऊन आठ आठवड्यांचा आलेख काढून घ्यावा. धावणारे आणि न धावणारे अशा दोन रेषा एकाच कागदावर काढाव्यात. काही मुलांची रेषा भराभर उतरेल, काहींची सावकाश. कारण प्रत्येक शरीर सरावाला सारखाच प्रतिसाद देत नाही. ताप आला, झोप कमी झाली किंवा धावणे अति झाले, तर नाडी चढलेली दिसेल. त्या दिवशी वहीत आकडा लिहावा आणि धावायला जाऊ नये.