पंप थांबला तरी मासे जगतात
पाणी, मासे आणि भाजी : लेखांक ६

गेल्या आठवड्यात टाकीतलं अ‍ॅक्वापोनिक्स पाहिलं. माशांच्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते भाजीची मुळं उचलतात आणि पाणी पुन्हा माशांकडे जातं. पण शेतात आधीच तळं असेल, तर टाकीचा खर्च कशाला करायचा? बीड जिल्ह्यात हा प्रश्न पडायलाच हवा. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत इथे तळी झाली. त्याआधीपासूनची नाल्याकाठची डबकी, मुरूम काढलेले खड्डे, पावसात भरणारी मातीची तळी तर आहेतच. आज या मातीच्या तळ्यांबद्दल.

टाकीत मासे दाटीने असतात. वीज गेली, हवा थांबली, की काही तासांत मासे मरू शकतात. शेतीची वीज जिथे पाळीने येते, तिथे ही टांगती तलवारच. तळ्यात मासे विरळ असतात आणि पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करतं. त्यामुळे पंप दोन दिवस बंद राहिला तरी तळ्यातले मासे सहसा तगतात. माझ्या मते बीडच्या लहान शेतकऱ्याने तळ्याकडे वळावं याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. योजनेतलं ३० × ३० × ३ मीटरचं तळं घ्या. बाजूंना एकास एक उतार धरला, तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. त्यात पाव किलोचे ६०० मासे असतील आणि वजनाच्या २ टक्के खाद्य दिलं, तर रोज ३ किलो खाद्य पडेल. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची २०१४ ची पुस्तिका पालेभाजीच्या एका चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य धरते. त्या हिशेबाने ३ किलोवर ६० ते ७५ चौरस मीटर भाजी पोसायला हवी. पण तो हिशेब टाकीचा. तळ्यात नत्राचा मोठा वाटा शेवाळ खातं, काही तळाच्या गाळात अडकतं, उरलेलं २२ लाख लिटरांत पातळ होतं. म्हणून पहिल्या वर्षी दहा चौरस मीटरच्या वर जाऊ नये. तळ्यातलं पाणी पंपाने भाजीच्या खडीभरल्या वाफ्यात सोडायचं. पंपाचं तोंड माशांना खाद्य टाकतो त्या कोपऱ्यात, तळापासून दीड-दोन फूट वर ठेवावं. तिथलं पाणी जरा सकस असतं आणि गाळही ओढला जात नाही. वाफ्यातून परतणारं पाणी उंचावरून तळ्यात पडू द्यावं. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. शक्य असेल तर पंप त्याच वेळी चालवावा.

वाफ्यात खडी भरताना आपल्याकडची काळ्या दगडाची, बेसाल्टची खडी चांगली. चुनखडीचे खडे मिसळलेला मुरूम नको. मूठभर खड्यांवर सिरका टाकून पाहा. फेस आला तर चुना आहे. चुन्यामुळे पाण्याचा सामू आठाच्या वर गेला, की लोह मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शिवाय त्याच सामूला अमोनिया माशांना जास्त घातक होतो. पालक, कोथिंबीर, पुदिना, अळू यांनी सुरुवात करावी. टोमॅटोला पालाश जास्त लागतं, ते या पाण्यात कमी पडतं.

मातीच्या तळ्याला सर्वांत मोठा धोका शेजारच्या शिवारातून येतो. बीड कापसाचा जिल्हा. कपाशीवर फवारलेली कीटकनाशकं, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातली, अगदी थोड्या प्रमाणातही मासे मारतात. म्हणून फवारणीनंतरच्या पहिल्या पावसाचं वाहतं पाणी तळ्यात घेऊ नये. वरच्या बाजूने चर काढून ते वळवावं, नंतरचं घ्यावं. बोटुकली सोडण्याआधी जाळं ओढून मरळ काढावी, नाहीतर ती बोटुकली फस्त करते. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी चरते. तिन्ही सोडल्या तर सगळ्या तळ्याचा उपयोग होतो. थाई मांगूर कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

आता पाणी. एप्रिल-मेमध्ये रोज सुमारे एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन जातं. ९०० चौरस मीटरवर ते ९,००० लिटर होतं, झिरपा वेगळाच. दहा चौरस मीटरचा भाजीचा वाफा कडक उन्हातही दिवसाला शंभर लिटरच्या आसपास घेतो. म्हणजे तळं भाजीमुळे आटत नाही, उन्हाने आटतं. त्यामुळे इथे बारमाही अ‍ॅक्वापोनिक्सचं स्वप्न कुणी दाखवलं, तर आधी त्याला मे महिन्यातलं तळं दाखवावं. जुलै-ऑगस्टमध्ये मोठी बोटुकली सोडावी, फेब्रुवारी-मार्चपर्यंत मासे काढावेत, आणि उरलेलं पाणी व गाळ जमिनीला द्यावा.

या वेळापत्रकात एक अडचण आहे, आणि ती कागदावर कुणी मांडत नाही. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. नेमक्या त्याच महिन्यांत माशांना रोज खाद्य हवं, वाफ्याची नळी तुंबली तर मोकळी करायला माणूस हवा. घरी आजी-आजोबा आणि शाळेतली मुलंच राहणार असतील, तर पंप-नळ्यांचा फेरा लावू नये. कटला-रोहू तेवढे सोडावेत, आणि काठावर ओलीचं अळू लावावं. दोन-तीन घरांनी मिळून एकच तळं धरलं आणि एक जण गावात राहिला, तर मात्र वाफ्याचा विचार करता येईल.

(पुढील लेखांक : खाद्य घरी कसं करावं – शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा)