क्षयाचे औषध आणि भीतीचे विलोपन

सायक्लोसेरिन हे 1950च्या दशकातले प्रतिजैविक बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावात कोणाला ठाऊक असलेच, तर क्षयाचे औषध म्हणूनच असणार. कारण औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरील शासकीय उपचार 2007 साली गुजरात व महाराष्ट्रातून सुरू झाले, तेव्हापासून ते त्या औषधसंचात होते. या औषधाने काहींना नैराश्य वा भ्रम होतो, म्हणून डॉक्टर ते जपूनच देतात. त्याच औषधाकडून भीती घालवण्याची अपेक्षा धरली जावी, हे नवलच.

विहिरीत डोकावताना पाय लटपटणारा माणूस काठावर पुन्हापुन्हा सुरक्षित उभा राहिला की त्याची भीती ओसरते. या ओसरण्याला विलोपन म्हणतात. त्यात जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी ‘येथे धोका नाही’ हे नवे शिक्षण रुजते. मेंदूच्या अमिग्डाला या भागातील एनएमडीए ग्राहक (चेतापेशींवरील संदेश टिपणारी प्रथिने) रोखले तर उंदरांत हे शिक्षण होत नाही, असे मायकेल डेव्हिस यांच्या गटाने 1992 मध्ये दाखवले. सायक्लोसेरिन याच ग्राहकांना अंशतः चालना देते, म्हणून 2002 मध्ये त्याच गटाने ते उंदरांना देऊन पाहिले आणि विलोपन अधिक पक्के झाले. 2004 मध्ये अटलांटात केरी रेसलर व बार्बरा रॉथबॉम यांनी उंचीला भिणाऱ्या 28 जणांना संगणकीय आभासातील काचेच्या लिफ्टमध्ये दोनदा चढवले, त्यांतील काहींना प्रत्येक वेळी आधी औषधाची एक मात्रा दिली. औषध घेतलेल्यांची भीती तीन महिन्यांनंतरही अधिक घटलेली होती.

यानंतर उत्साह पुराव्याच्या पुढे धावला, असेच म्हणावे लागते. 2012 मध्ये इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या 26 सैनिकांवरील चाचणीत औषध घेतलेल्यांची सुधारणा कमी झाली, तर 2013 मध्ये सामाजिक भीतीच्या 169 रुग्णांत सुधारणा लवकर दिसली, पण उपचाराअखेर फरक उरला नाही. त्याच सुमारास याचे एक कारणही पुढे आले: हे औषध भीती कमी करत नाही, उपचाराच्या सत्रात जे घडले ते मनात पक्के करते, मग ते धैर्य असो वा धसका, त्यामुळे भीती न उतरता संपलेल्या सत्रानंतर ते अपायकारकही ठरू शकते. 2017 मध्ये 21 चाचण्यांतील 1,047 जणांची माहिती एकत्र तपासल्यावर लाभ आढळला, तो अल्पच.

सायक्लोसेरिनची गणना आजही क्षयाच्या औषधांतच होते.