आकाशपाळणा

मनुष्याला जशी अन्नाची आणि निद्रेची गरज असते, तशीच विरंगुळ्याचीही असते. वर्षभर शेतात राबणारा शेतकरी, दुकानात बसणारा व्यापारी, पुस्तकांत डोके घालून बसणारा विद्यार्थी, या सर्वांना वर्षातून चार दिवस तरी नेहमीच्या चाकोरीबाहेर पडावेसे वाटते. आपल्या पूर्वजांनी ही गरज फार पूर्वीच ओळखली होती. देवाची यात्रा, साधुपुरुषाचा उत्सव किंवा पीराचा उरूस यांच्या निमित्ताने माणसे एकत्र येत, दर्शन घेत, वर्षाचा बाजार करीत आणि त्याबरोबर खेळांचा आनंदही लुटीत. आजही जत्रेचे हे स्वरूप फारसे बदललेले नाही.

परभणी शहरात हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा आहे. तेथील उरूस मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. बहुतेक उरूस चांद्र महिन्यांप्रमाणे भरतात, त्यामुळे त्यांची इंग्रजी तारीख दरवर्षी मागे सरकते. हा उरूस मात्र दरसाल २ फेब्रुवारीपासून भरतो. हा काळही मोठा सोयीचा असतो. कापूस वेचून झालेला असतो, तूर घरात आलेली असते, रब्बीची ज्वारी शेतात डोलत असते आणि थंडी ओसरू लागलेली असते. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णा अशा गावांहून माणसांचे थवे परभणीस येऊ लागतात. दर्ग्यात माथा टेकवणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमान असे दोन्ही समाजांचे लोक असतात. दर्शन आटोपले, मिठाईची पुडी हाती आली, की मुलांचे पाय आपोआप एकाच दिशेला वळतात. दुकानांच्या छपरांवरून दुरूनच दिसणारे, दिव्यांनी झगमगणारे ते प्रचंड चाक त्यांना केव्हाचे खुणावीत असते. तोच आकाशपाळणा!

हा पाळणा आपल्याकडे नवा नाही. पूर्वी खेड्यांतील जत्रांत लाकडी रहाटपाळणा असे. दोन उभे खांब, त्यांवर एक आडवा आस, आसावर फुलीसारख्या बसवलेल्या भुजा आणि भुजांच्या टोकांना टांगलेले चार पाळणे, एवढाच त्याचा पसारा. दोन धट्टेकट्टे गडी तो हातांनी फिरवीत. विहिरीवरील रहाटाची गाडगी जशी एकामागून एक वर येतात आणि खाली जातात, तशीच त्यातील मुले वर-खाली होत. म्हणून त्याला रहाटपाळणा हे नाव पडले. फरक एवढाच, की रहाटाची गाडगी खाली जाताना रिकामी असतात, तर पाळण्यातील मुले वर जाताना आणि खाली येतानाही आनंदाने भरलेलीच असतात.

पश्चिमेकडील प्रवाशांना हा खेळ पूर्वेकडे आल्यावर पाहावयास मिळाला. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने १६१५ साली कॉन्स्टॅन्टिनोपल येथे सणाच्या दिवसांत असे चाक पाहिले. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० साली तुर्की साम्राज्यातील, म्हणजे आजच्या बल्गेरियातील, एका शहरात ते पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले.

या साध्या चाकाला प्रचंड रूप मिळाले ते अमेरिकेत. पॅरिसमध्ये १८८९ साली भरलेल्या प्रदर्शनात आयफेल मनोरा उभा राहिला होता. त्याला शोभेल असे काहीतरी १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात असावे, अशी तेथील लोकांची इच्छा होती. तेव्हा जॉर्ज फेरिस या अभियंत्याने पोलादाचे २६४ फूट उंचीचे चाक उभारण्याचे ठरविले. फेरिस हा पुलांच्या कामात मुरलेला मनुष्य होता. तरीही एवढे मोठे चाक वाऱ्यात टिकणार नाही, असे अनेकांना वाटत होते. पण फेरिसचा विश्वास त्याच्या गणितावर होता, आणि ते गणित खरे ठरले. चाकाला ३६ डबे होते आणि प्रत्येक डब्यात ६० माणसे मावत; म्हणजे एका वेळी २१६० माणसे आकाशाची सफर करीत. पुढे १९०६ साली ते चाक पाडण्यात आले. परंतु इंग्रजी भाषेत आकाशपाळण्याला आजही फेरिसच्याच नावाने ओळखतात.

आता आपण त्या पाळण्यात बसून पाहू. चाक फिरते, त्याबरोबर आपणही फिरतो. मग शिखरावर पोहोचल्यावर आपण डोके खाली आणि पाय वर असे का होत नाही? कारण आपले आसन चाकाला घट्ट जखडलेले नसते. ते आपल्या डोक्यावरील एका दांड्याला टांगलेले असते. टांगलेली वस्तू नेहमी आपला जड भाग खाली ठेवते. तुळईला अडकवलेला कंदील पाहा. त्याला झोका दिला तरी तो पुन्हा सरळच लोंबतो. पाळण्याचेही तसेच आहे. चाक कसेही फिरो, आसन सरळच राहते.

शिखर ओलांडून खाली येताना पोटात गोळा उठतो, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. आसन आपल्याला खालून जेवढा रेटा देते, तेवढेच आपले वजन आपल्याला जाणवते. शिखराजवळ आपले शरीर सरळ पुढे जाऊ पाहत असते, पण आसन मात्र चाकाबरोबर खाली वळू लागते. त्यामुळे आसनाचा रेटा कमी होतो आणि आपण हलके झालो असे वाटते. उलट, चाकाच्या तळाशी आसन आपल्याला वर उचलू लागते, तेथे रेटा वाढतो आणि आपण जड झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आपले वजन तोळाभरही बदललेले नसते. बदलते ती केवळ जाणीव.

जत्रेतील इतर खेळांतही असेच नियम दडलेले असतात. लाकडी घोड्यांच्या चक्रीत कडेचा घोडा आतल्या घोड्यापेक्षा वेगाने धावतो, कारण तेवढ्याच वेळात त्याला मोठे वर्तुळ पुरे करावयाचे असते. साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांचा पाळणा वेग घेतो, तेव्हा सर्व खुर्च्या बाहेरच्या बाजूस फाकतात. त्या वेळी नीट निरीक्षण करा. एका खुर्चीत धिप्पाड काका बसलेले असतील, तिच्या मागील खुर्चीत लहान मुलगी असेल. तरी दोन्ही खुर्च्या जवळजवळ सारख्याच फाकलेल्या दिसतील. खुर्ची किती फाकावी हे वेग ठरवितो, बसणाऱ्याचे वजन ठरवीत नाही.

‘मौत का कुआँ’ हा खेळ पाहताना तर छाती धडधडते. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल गरगर फिरते आणि तरी खाली पडत नाही. येथे वेगच स्वाराला सावरून धरतो. वेगाने वळणारी गाडी भिंतीला जोराने रेटते आणि भिंत तिला तितक्याच जोराने आत ढकलते. या दाबामुळे चाके आणि फळ्या यांच्यामध्ये पुरेसे घर्षण निर्माण होते. तेच गाडीला घसरू देत नाही. वेग कमी झाला तर हा आधारच नाहीसा होईल. म्हणून हा खेळ केवळ पाहण्याचा आहे. वर्षानुवर्षे सराव केलेल्या माणसालाच तो साधतो.

जत्रा चार दिवस भरते आणि उठून जाते. काही ठिकाणी मात्र अशा खेळांची कायमची उद्याने उभी राहिली. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात १८४३ साली सुरू झालेले टिवोली उद्यान आजही चालू आहे. न्यूयॉर्क शहरात कोनी आयलंड नावाचे समुद्रकाठचे ठिकाण आहे. पूर्वी ते खरोखरीचे बेट होते. तेथे १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन याने चढउतारांच्या रुळांवरून घरंगळणारी गाडी सुरू केली. तिला इंजिन नव्हते. उंचावरून सुटल्यामुळे तिला वेग मिळे आणि त्याच वेगावर ती पुढचे चढ चढे. ताशी अवघे सहा मैल हा तिचा वेग. आजच्या गाड्या तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहेत, पण तत्त्व तेच आहे. घर्षणामुळे वाटेत थोडा वेग खर्ची पडतो, म्हणून केवळ घरंगळत जाणाऱ्या गाडीला पहिल्या उंचवट्याहून अधिक उंच चढ चढता येत नाही.

आपल्या देशातही अशी उद्याने झाली. दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली सुरू झाले व २००८ साली बंद झाले. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. खाडी ओलांडून लाँचमधून तेथे जाणे हाही मुलांना एक खेळच वाटे. पुढे २०१३ साली रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका हे उद्यान सुरू झाले. ही उद्याने कितीही मोठी असली तरी जत्रेतील पाळणा हाच त्यांचा पूर्वज होय.

या सर्व खेळांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. एरवी आपण भीतीपासून दूर पळतो. येथे मात्र तिकीट काढून भीती विकत घेतो. याचे कारण, ही भीती खोटी आहे हे आपल्याला ठाऊक असते. पण ती खोटी राहावी म्हणून कोणीतरी खरे कष्ट घेत असतो, याचा आपल्याला सहसा विसर पडतो.

पाळणेवाले लोक एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत हिंडत असतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, त्यानंतर परभणीचा उरूस येतो, पुढे चैत्रातल्या जत्रा सुरू होतात. प्रत्येक ठिकाणी संपूर्ण पाळणा सुटा करावयाचा आणि पुन्हा जोडावयाचा. परभणीची जमीन काळी, भिजली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. अशा जमिनीवर लोखंडी पाय सरळ टेकवले तर ते खचण्याचा धोका असतो. म्हणून त्यांच्याखाली जाड लाकडी ओंडके घालून भार पसरवावा लागतो. प्रत्येक खीळ, प्रत्येक साखळी हाताने चाचपून पाहावी लागते. माणसे बसविण्यापूर्वी रिकामा पाळणा फिरवून त्याचा आवाज ऐकावा लागतो. मुरलेल्या कारागिराला कुरकुरीवरूनच दोष कळतो.

माणसे बसवितानाही पाळणेवाला समोरासमोरची आसने क्रमाने भरतो. तागडीच्या एकाच पारड्यात वजन टाकले तर ती कलते. चाकाची एकच बाजू जड झाली, तर तेही त्या बाजूला ओढले जाते आणि आवरणे कठीण होते. “थांबा, तुमची पाळी नंतर,” असे तो म्हणतो, तेव्हा तो आपला अपमान करीत नसून सर्वांचा तोल राखीत असतो. काही पाळण्यांपाशी उंचीची खूण केलेली असते आणि तिच्याहून ठेंगण्या मुलांना परत पाठवितात. मुले हिरमुसतात. पण आसनापुढील अडसर विशिष्ट मापाच्या शरीरासाठी केलेला असतो. लहान मूल त्याच्याखालून सहज निसटू शकते.

बसणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. चालत्या पाळण्यात उभे राहू नये, आसन मुद्दाम हलवू नये, हात बाहेर काढू नये. मोकळे केस, ओढणी आणि पदर नीट बांधून घ्यावेत, कारण फिरणाऱ्या चाकात ते सापडले तर क्षणात अनर्थ ओढवतो. एखाद्या पाळण्याचा अडसर तुटलेला दिसला किंवा चालविणारा बेफिकीर वाटला, तर मित्र कितीही चिडवोत, त्यात बसू नये. अशा निष्काळजीपणामुळे जत्रांतून माणसांचे प्राण गेलेले आहेत. जेथे भीती खरी असते, तेथे माघार घेणे हा भित्रेपणा नव्हे, शहाणपण होय.

पुढल्या खेपेस आकाशपाळण्याच्या शिखरावरून तुम्ही खाली पाहाल, तेव्हा दर्ग्याचा परिसर, दिव्यांच्या रांगा आणि मुंग्यांसारखी माणसे तुम्हांला दिसतील. त्या गर्दीत, चाकाच्या पायथ्याशी, एक मनुष्य उभा असेल. सारी जत्रा वर पाहत असताना त्याची नजर मात्र यंत्रावर खिळलेली असेल. त्याने नजर ढळू दिली नाही, म्हणूनच तुम्हांला निर्धास्तपणे आभाळ पाहता येते.