अंगणातल्या शेगडीची निगा

थंडीची चाहूल लागली, की अहमदपूरच्या घराघरांतून कोपऱ्यात पडलेल्या शेगड्या पुन्हा अंगणात येतात. येळवस तोंडावर आलेली असते, रानात ज्वारी हुरड्यावर येऊ लागते, बाजारात भरताच्या वांग्यांचे ढीग दिसू लागतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव नाही, यावर तर घरात सगळ्यांचंच एकमत होतं. एरवी कशावर होत नाही, पण यावर होतं! मग लेकरं शेगडीभोवती कोंडाळं करतात, आजी शाल पांघरून हात शेकत बसते, आणि खाऊन झालं की सगळे उठतात. मागे उरते ती राख, तेलकट जाळी, आणि हे सगळं आवरणारी आपण.

गॅस घरोघरी आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तो खेड्यापाड्यांतही पोचला. तरी शेगडी काही गेली नाही. हुरड्याची कणसं, भरताचं वांगं, श्रावणातलं मक्याचं कणीस, पाहुणे आले की मसाला लावलेले मटणाचे तुकडे, या सगळ्यांना निखाराच लागतो. आणि घरात लेक बाळंतपणाला आली, की शेकासाठी पुन्हा तीच शेगडी. पण रोजच्या वापरात नसल्यामुळे तिची निगा मात्र राहत नाही. गॅसची शेगडी आपण रोज पुसतो. हिच्यात गेल्या वर्षीची राख तशीच असते. निगेचा हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाही. कधी कधी तो जिवाशी येतो. म्हणून आधी सफाईच्या चार गोष्टी पाहू आणि मग त्या जिवाच्या गोष्टीकडे वळू.

शेगडी धुरकटते का?

पुष्कळजणी म्हणतात, "कोळसाच वाईट लागला." कधी कधी ते खरंही असतं. ओला कोळसा, नीट न जळलेलं लाकूड धूर करणारच. पण बहुतेक वेळा दोष असतो राखेचा. शेगडीला खालचं तोंड असतं ते काही राख काढण्यापुरतं नसतं. तिथून हवा आत शिरते, निखाऱ्याखालच्या जाळीतून वर चढते आणि निखारा फुलतो. जाळीची भोकं राखेने बुजली, की निखारा गुदमरतो, अर्धवट जळतो. मग आपण पुठ्ठ्याने वारा घालत बसतो, डोळे चोळतो, आणि कोळसा मात्र दुप्पट लागतो. म्हणून पेटवण्याआधी शेगडी उपडी करून ठोकावी, जाळीची भोकं खिळ्याने किंवा जाड तारेने मोकळी करावीत. दोन मिनिटांचं काम आहे, पण अर्धा धूर तिथेच कमी होतो.

राख काढण्याची रीत

राख शेगडीत साठवून ठेवू नये. कोरडी असते तोवर ती निरुपद्रवी दिसते. पण दव पडलं, पावसाचे चार थेंब आले, की ओल्या राखेचा खार होतो आणि तो लोखंड खातो. शेगडीचं बूड आधी गळतं ते यामुळेच. हाच खार हातालाही चरचरतो. ओली राख काढायची झाली तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी.

मात्र राख काढण्याची घाई करू नये. वरून पांढरी दिसणारी राख पोटात रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही निखारा जपून ठेवते. ती प्लॅस्टिकच्या बादलीत, उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकणं म्हणजे आगीला आमंत्रणच. झाकणाचा एक जुना पत्र्याचा डबा राखेसाठी वेगळा ठेवावा. त्यात ती पूर्ण गार होऊ द्यावी आणि मगच टाकावी.

चाळलेली बारीक राख लोखंडाची, पितळेची भांडी घासायला उत्तम. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र लावू नये, राखेतल्या खाराने ती झिजतात. तुळशीला किंवा गुलाबालाही मूठमूठभर राख घालू नका. आपल्याकडची काळी माती मुळातच खारट वळणाची, तिला आणखी राख सोसत नाही.

भाजायच्या जाळीची सफाई

जाळी साफ करायची खरी वेळ म्हणजे भाजणं संपल्यावर ती कोमट असते ती. तेव्हा चिकटलेला मसाला सहज निघतो. रात्रभर ठेवलात तर तोच दगड होतो. काट्याच्या चमच्यात अर्धा कांदा किंवा लिंबाची फोड टोचून जाळीवर चोळावी, आणि मग नारळाच्या शेंडीने घासावी. जाळी तापलेली असताना तिच्यावर पाणी ओतू नये. बारीक गजांची जाळी वाकते, बिडाची असेल तर तडकते.

चिकट फारच बसलं असेल तर घमेल्यात कडक पाणी घेऊन त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालावा आणि जाळी तासभर बुडवून ठेवावी. गंज चढला असेल तर चिंचेचा कोळ लावून पंधरा मिनिटं ठेवावा, घासावं आणि लगेच धुऊन कोरडं करावं. कोळ तसाच राहिला तर उलट गंज वाढेल.

तारेच्या ब्रशने आणि तारेच्या घासणीने मात्र जाळी घासू नये. त्यांच्या बारीक काड्या तुटून जाळीला चिकटतात आणि घासाबरोबर पोटात जातात. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स नावाच्या शहरात २०११-१२ या काळात असे सहा रुग्ण एकाच रुग्णालय समूहात आले. कुणाच्या घशात, तर कुणाच्या आतड्यात ब्रशची तार रुतलेली होती. आपली नारळाची शेंडी फुकटची आणि निर्धोक. जाळी घासून झाल्यावर ओल्या फडक्याने एकदा पुसायलाही विसरू नये.

जाळी नवी घेताना एवढं पाहा, की तिच्यावर जस्ताचा मुलामा नसावा. खिडकीला लावायची चकचकीत तारजाळी स्वस्त पडते म्हणून पुष्कळजण कापून आणतात. पण निखाऱ्यावर तो मुलामा सुटतो आणि पोटात जाणं चांगलं नाही. जुन्या फ्रीजमधल्या जाळीचंही तसंच. साध्या लोखंडाची किंवा स्टीलची जाळी लोहाराकडून करून घ्यावी.

करडईच्या तेलाचा हात

लोखंडी जाळी धुतली, की ती निखाऱ्यावर धरून कोरडी करावी आणि कापडाच्या बोळ्याने तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुन्हा तापवावी. असं तीन-चारदा केलं, की तव्यासारखा काळा तुकतुकीत थर बसतो. मग वांगं चिकटत नाही आणि गंजही चढत नाही.

यासाठी आपल्या मराठवाड्याचं करडईचं तेल फार चांगलं. करडईचं तेल हवेत आणि उष्णतेत सुकून घट्ट होतं. रंग-वार्निशातही ते वापरतात ते याच गुणामुळे. जवसाचं तेलही तसंच. शेंगदाण्याचं तेल तितकं सुकत नाही, चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. तेल मात्र पातळच लावायचं. थबथबून लावलं तर चिकटाच होतो.

मातीचं अस्तर

बादलीच्या शेगडीला आतून मातीचं अस्तर असतं. त्याला भेग पडली की लोखंड तापून जळू लागतं, म्हणून वर्षातून एकदा ते लिंपून घ्यावं. नुसती काळी माती घेऊ नका. ओली असताना ती फुगते आणि वाळताना इतकी आक्रसते, की दुसऱ्याच दिवशी शेताला पडतात तशा भेगा शेगडीला पडतात. पांढरी माती घ्यावी, तीत थोडी वाळू, चाळलेली राख आणि बारीक भुसा मिसळून मळावं. सावलीत चार-पाच दिवस वाळू द्यावं. पहिला जाळ लहान करावा, नाहीतर आतली ओल वाफ होऊन लिंपण उडतं.

पुण्याहून आलेला बार्बेक्यू

हल्ली नोकरीला पुण्या-मुंबईला गेलेली मुलं दिवाळीला येताना झाकणाचा बार्बेक्यू घेऊन येतात. दिसायला नवा, पण मूळ आपल्या शेगडीचंच. १९५२ साली अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाने समुद्रात तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचा गोळा मधोमध कापून पहिला झाकणाचा बार्बेक्यू बनवला. वारा-पावसात निखारा जपावा, एवढाच त्याचा हेतू. त्याची निगाही वरच्यासारखीच. राख रोजची रोज काढायची, हवेची भोकं मोकळी ठेवायची, खाली चरबीची वाटी असेल तर ती दरवेळी रिकामी करायची. साठलेली चरबी भडकते. झाकणाचा एक फायदा मात्र खरा. भोकं आणि झाकण बंद केलं, की निखारा आपोआप विझतो आणि उरलेला कोळसा पुन्हा वापरता येतो.

पेटवताना

तुराट्या, पऱ्हाट्या, करवंट्यांचे तुकडे, सुकी गोवरी, एवढ्यावर शेगडी छान पेटते. धुमसत्या निखाऱ्यावर रॉकेल किंवा पेट्रोल कधीच ओतू नये. भडका थेट तोंडावर येतो. प्लॅस्टिक, रंग दिलेलं लाकूड जाळू नये. नायलॉनची, पॉलिएस्टरची साडी नेसून शेगडीपाशी बसू नये, ती पेटते आणि वितळून अंगाला चिकटते. सुती साडी, आणि पदर खोचलेला. भाजलंच, तर वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरावं. हळद, शाई, दंतमंजन काही लावू नये.

आता बाळंतिणीच्या खोलीकडे

आणि आता ती जिवाची गोष्ट. बाळंतिणीला शेक, बाळाला धुरी, ही आपल्याकडची जुनी रीत. खाटेखाली निखाऱ्याची शेगडी, वर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, आणि वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. धूर होऊ नये म्हणून घरातल्या बायका निखारा चांगला लाल होऊ देतात आणि मगच आत नेतात. धूर नाही, ज्वाळा नाही, म्हणजे भीती नाही, असं सगळ्यांनाच वाटतं.

पण खरा धोका याच लाल निखाऱ्यात आहे. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. बाळंतीण दमलेलीच असते. झोप लागली असं वाटतं, आणि माणूस उठतच नाही. बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद, म्हणून त्याला बाधाही लवकर होते.

आजी म्हणतील, "आम्ही नाही का घेतला शेक? आम्हाला काय झालं?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यांची बाळंतपणं झाली ती माळवदाच्या घरात. माळवदाला उजेडासाठी, धुरासाठी साणं असायचं, दाराच्या फळ्यांत फटी असायच्या. वायू वरच्या वाटेने निघून जायचा. आता आपल्या खोल्या सिमेंटच्या स्लॅबच्या, खिडक्यांना सरकत्या काचा, दाराला रबराची पट्टी. शेगडी तीच आहे, पण खोली बदलली. थंडीत उबेसाठी रात्री शेगडी खोलीत घेऊन झोपणाऱ्या घरांनाही हेच लागू आहे.

म्हणून शेक द्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीने, तव्यावर तापवलेल्या कापडाच्या घडीने द्यावा. पिशवी कापडात गुंडाळावी आणि बाळाच्या अंथरुणात ठेवू नये. बाळंतिणीची आंघोळ कढत पाण्याची असू द्या, पांघरूण उबदार असू द्या. धुरी बाळाच्या फुप्फुसाला चांगली नाही. ती टाळलेली उत्तम. घरात लाकूड, कोळसा, रॉकेल जाळून होणाऱ्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात लहान लेकरं पुष्कळ होती.

शेगडी असलेल्या खोलीत कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर आधी सगळ्यांना उघड्यावर आणावं. माणूस गुंगीत असेल तर कांदा हुंगवत बसू नये. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, आणि शेगडी खोलीत होती हे डॉक्टरांना न लाजता सांगावं. त्यावरच उपचार ठरतात.

हंगाम संपल्यावर

शिमग्यानंतर शेगडी ठेवून द्यायची, तेव्हा राख पूर्ण काढावी, जाळीला तेलाचा हात द्यावा, आणि शेगडी पत्र्याखाली विटांवर उपडी ठेवावी. गोणपाट गुंडाळू नये, ते ओल धरून ठेवतं.

एवढं केलंत तर हीच शेगडी पुष्कळ वर्षं साथ देईल, येत्या येळवशीला वांगीही खमंग भाजून देईल. फक्त ती अंगणातच राहू द्या. घरात सून किंवा लेक बाळंतपणाला आलेली असेल, तर हा मजकूर सासूबाईंना आणि आजींना आजच वाचून दाखवा.