बाटलीतून बशी!

पार्टी संपली की रिकाम्या बाटल्यांचं तुम्ही काय करता? फार तर एखादीत मनी प्लांट लावता, बाकीच्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होता. मी त्यांच्या बशा करतो! नोकरी पुण्यात आणि छंद बीडच्या घरी, गच्चीवरच्या खोलीतल्या विजेच्या छोट्या भट्टीत. वीकेंडचा एकदम हटके फंडा!

आईचा सुरुवातीला सॉलिड विरोध. ‘‘दारूच्या बाटल्या घरात? शेजारचे काय म्हणतील रे?’’ पण पहिली हिरवी बशी हातात घेतल्यावर तिनं तीत सुपारी ठेवली. विषय संपला!

कृती तशी सोपी. बूच काढायचं, लेबल भिजवून खरवडायचं, बाटली धुऊन पूर्ण वाळवायची. भट्टीतल्या फळीला केओलिनचा लेप द्यायचा, नाहीतर काच चिकटून बसते. मग बाटली आडवी ठेवून तापमान हळूहळू साधारण ७८० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं. तिथं काच पाण्यासारखी वाहत नाही, फक्त मऊ पडते आणि स्वतःच्या वजनानंच सपाट होते.

खरी कसोटी पुढे, गार करताना. वरची काच आधी गार होते, आतली उशिरा. हा ताण आत अडकला, तर बशी तडकते. म्हणून साधारण ५४० अंशांवर तासभर थांबायचं आणि मग सावकाश उतरायचं. अख्खी रात्र जाते. सकाळी भट्टी हाताला गार लागेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली तर? परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात. पण २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी तेही बंद ठेवावं लागलं होतं! एकदा माझीही लाइट रात्री दीडला गेली. सकाळी बशी झकास दिसत होती. दोन दिवसांनी कपाटात कुणी हात न लावता ‘टक्’ झालं आणि दोन तुकडे! तेव्हापासून लाइट गेली की मी झाकणाला हातही लावत नाही. विटांमधली ऊब जेवढं सांभाळेल, तेवढं खरं.

हे तंत्र मराठी माणसाला नवीन नाही, बरं का! तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत जमवलेल्या निधीतून. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला. आईच्या लहानपणी घरात उजेड देणारा ‘प्रभाकर’ कंदील तिथलाच. त्याची काचही अशीच दमानं गार करावी लागायची. हे कळल्यापासून आई माझ्या भट्टीला ‘कारखाना’ म्हणते!

तुम्हालाही करून बघायचंय? मग दोन वेगवेगळ्या बाटल्यांची काच एकत्र जोडू नका. त्या कमी-जास्त आकसतात आणि जोड तडकतो. डोळ्यांना गॉगल, हातात जाड हातमोजे हवेतच, खोलीची खिडकी उघडी हवी. आणि हो, पहिली बशी लगेच बॉसला गिफ्ट देऊ नका. आठवडाभर कपाटात गुपचूप टिकली, की मग द्या!